झेंडा आधी, कायदा मागाहून: एस्टोनियाच्या निळ्या-काळ्या-पांढऱ्या ध्वजाचं प्रकरण

२४ फेब्रुवारी १९८९. सूर्योदयाच्या वेळी टॅलिन शहरातल्या तोम्पेआ टेकडीवर, पिक हेरमान नावाच्या दगडी बुरुजावर निळा-काळा-पांढरा ध्वज चढला. खाली हजारो माणसं थंडीत उभी होती. त्या दिवशी एस्टोनिया सोव्हिएत संघातलं एक प्रजासत्ताक होतं. देशात सोव्हिएत फौजा होत्या, सत्तेवर कम्युनिस्ट पक्ष होता आणि कागदोपत्री राज्याचा ध्वज वेगळाच होता: लाल कापड, कोपऱ्यात विळा-हातोडा आणि तळाशी निळ्या पट्ट्यावर पांढऱ्या लाटा. स्वातंत्र्य परत मिळायला अजून अडीच वर्षं होती.

ज्या राज्याचा कायदेशीर ध्वज लाल, त्याच राज्याच्या सर्वांत महत्त्वाच्या काठीवर दुसराच ध्वज चढतो कसा? वर्षभरापूर्वीपर्यंत ज्याच्यापायी तुरुंगात जावं लागलं असतं, तो ध्वज सरकारनेच चढवू दिला कसा? आणि चढल्यावर तो उतरवायला कोणी धजलं का नाही? या प्रश्नांची उत्तरं १९८९ च्या राजकारणात अर्धीच सापडतात. उरलेली शोधायला १८८१ सालापर्यंत मागे जावं लागतं. तिथून इकडे येताना एक गोष्ट परत परत दिसते. हा ध्वज कोणत्याही राजाने, संसदेने किंवा समितीने लोकांना दिलेला नाही. दर वेळी लोकांनी तो आधी हातात घेतला आणि कायदा मागाहून आला. त्याच्या रंगांचा अर्थ लावतानाही हे डोळ्यांआड होऊ देता कामा नये.

विद्यार्थ्यांचे रंग

एकोणिसाव्या शतकात एस्टोनियाचा मुलूख रशियन साम्राज्यात होता, पण जमीन, चर्च आणि शहरं बाल्टिक जर्मनांच्या हातात होती. एस्टोनियन माणूस म्हणजे शेतकरी. आजचा दक्षिण एस्टोनिया तेव्हा लिव्होनिया प्रांतात होता आणि तिथली भूदासपद्धत १८१९ मध्ये संपली होती. तार्तूचं विद्यापीठ १६३२ सालचं, पण शिकवणं जर्मनमध्ये. शेतकऱ्याचा मुलगा तिथे पोचला की हळूहळू जर्मन होऊन जायचा, ही तेव्हाची सर्वसाधारण वाट. १८७० पासून काही एस्टोनियन विद्यार्थी आपल्याच भाषेत वाचन-चर्चा करायला एकत्र जमू लागले. त्यातून एस्टोनियन विद्यार्थी संघ उभा राहिला.

तार्तूतल्या जर्मन विद्यार्थी मंडळांची एक रीत होती. प्रत्येक मंडळाचे तीन रंग ठरलेले असत आणि टोपीवर, छातीवरच्या फितीवर ते मिरवले जात. रस्त्यात रंग बघून कोण कोणत्या मंडळाचा ते कळे. एस्टोनियन तरुणांनी 'व्हिरोनिया' या नावाने आपलंही असं मंडळ काढायचं ठरवलं आणि २९ सप्टेंबर १८८१ रोजी निळा, काळा आणि पांढरा हे रंग निवडले. जर्मन मंडळांनी व्हिरोनियाला मान्यता नाकारली. रंग मात्र मागे राहिले.

तीन वर्षांनी त्या रंगांचा रेशमी ध्वज तयार झाला. पाउला हेरमान, एमिली बेअरमान आणि मीना हेरमान या तिघींनी तो शिवला. यांतली मीना पुढे मीना हॅर्मा या नावाने एस्टोनियाची मोठी संगीतकार झाली. ध्वजाला आशीर्वाद द्यायचा सोहळा तार्तूत करणं सोपं नव्हतं, म्हणून साधारण ४० किलोमीटर दक्षिणेला ओतेपा गावात ४ जून १८८४ रोजी तो झाला, तोही चर्चमध्ये न होता पाद्र्याच्या निवासातल्या दिवाणखान्यात. पाद्री रूडॉल्फ कल्लास यांनी ध्वजाला आशीर्वाद दिला. आज ४ जून हा एस्टोनियाचा ध्वजदिन आहे आणि त्या निवासात ध्वजाचं संग्रहालय आहे. पण त्या दिवशी तिथे जे झालं ते एका विद्यार्थी मंडळाचं घरगुती कार्य होतं. राज्य नव्हतं, राज्य मागण्याची भाषाही अजून आली नव्हती.

तीन रंगांचे अर्थ

इथे थोडं थांबायला हवं, कारण या ध्वजाची माहिती शोधणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत जे मिळतं ते असं असतं: निळा म्हणजे आकाश, काळा म्हणजे माती, पांढरा म्हणजे बर्फ. हे खोटं नाही. हिवाळ्याच्या उत्तरार्धात एस्टोनियाच्या सपाट मुलखात उभं राहिलं तर वर आकाश, क्षितिजावर जंगलाची काळी रेघ आणि पायाशी बर्फ असा ध्वज खरोखरच समोर मांडलेला दिसतो. पण हे एवढ्यावर संपत नाही. निळ्याला आकाशाबरोबर समुद्र, तळी, निष्ठा आणि आशा यांचा अर्थ जोडला गेला. काळ्यात माती आली, शेतकऱ्याचा काळा डगला आला आणि शतकानुशतकांच्या गुलामीचा काळोखही आला. पांढऱ्यात बर्फ, बर्च झाडाची साल, उन्हाळ्यातल्या उजेडी रात्री आणि ज्ञानाची ओढ.

इतके अर्थ एकाच ध्वजात बसतात, कारण ते एका कोणी ठरवून दिलेले नाहीत. १९९२ च्या राज्यघटनेचं सातवं कलम राष्ट्रीय रंग निळा, काळा आणि पांढरा एवढंच सांगतं. अर्थाबद्दल ते गप्प आहे. ते शहाणपणाचं आहे असं मला वाटतं. आकाश, माती आणि बर्फ तर लाटव्हियातही आहेत आणि फिनलंडमध्येही. हे तीन रंग एस्टोनियाचे झाले ते त्यांच्या नावावर पुढे जे घडलं त्यामुळे.

एक तपशील मात्र या अर्थांमध्ये वेगळा काढून दाखवावासा वाटतो, तो काळ्या पट्ट्याचा. युरोपच्या ध्वजांत काळा रंग फार थोड्या ठिकाणी आहे आणि जिथे आहे तिथे बहुधा सरदार घराण्यांच्या किंवा राजांच्या चिन्हांतून आलेला आहे. एस्टोनियाचा काळा हा शेताचा आणि शेतकऱ्याचा मानला गेला. ज्या समाजाला 'तुम्ही नुसते कुणबी, तुमची कसली संस्कृती' हे पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलं, त्याने तोच रंग ध्वजाच्या मधोमध ठेवला. या ध्वजातली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते हीच आहे.

१९१७ ते १९२२: राज्य नंतर आलं

रशियात फेब्रुवारी क्रांती झाली आणि झार गेला. ८ एप्रिल १९१७ रोजी पेट्रोग्राडच्या रस्त्यांवर सुमारे ४० हजार एस्टोनियन निळे-काळे-पांढरे झेंडे घेऊन चालले. त्यांत हजारो सैनिक होते. मागणी स्वायत्ततेची होती. चारच दिवसांनी हंगामी रशियन सरकारने एस्टोनियाला एकत्रित प्रांत म्हणून स्वतःचा कारभार देणारा हुकूम काढला. विद्यार्थ्यांच्या टोपीवरचे रंग इथपर्यंत संपूर्ण समाजाचे होऊन गेले होते.

२४ फेब्रुवारी १९१८ रोजी टॅलिनमध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी जर्मन फौजा शहरात शिरल्या. जर्मनी महायुद्ध हरल्यावर, नोव्हेंबरमध्ये, हंगामी सरकारने या ध्वजाला राष्ट्रध्वज मानलं. १२ डिसेंबर १९१८ रोजी तो पहिल्यांदा पिक हेरमानवर चढला, तेव्हा लाल सेना पूर्वेकडून चालून येत होती. हे युद्ध २ फेब्रुवारी १९२० च्या तार्तू तहाने संपलं. संसदेने ध्वजाचा कायदा केला तो २७ जून १९२२ रोजी, म्हणजे विद्यार्थ्यांनी रंग निवडल्यानंतर चाळीस वर्षांनी आणि त्या ध्वजाखाली एक युद्ध लढून झाल्यावर.

या बुरुजाचं महत्त्वही इथेच सांगतो. पिक हेरमान हा तोम्पेआ किल्ल्याच्या कोपऱ्यावरचा, १४व्या शतकात बांधायला घेतलेला, ४५.६ मीटर उंचीचा बुरुज. जर्मन सरदारांचा संघ, स्वीडन, रशिया अशी एकामागून एक सत्ता या किल्ल्यातून चालली. त्यामुळे बुरुजावर ज्याचं निशाण त्याचा देश, हे तिथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आज त्याच किल्ल्यात रीगिकोगू, म्हणजे एस्टोनियाची संसद भरते.

बंदीची वर्षं

जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी देश ताब्यात घेतला आणि ऑगस्टमध्ये तो सोव्हिएत संघाला जोडला. १९४१ ते १९४४ जर्मनांचा ताबा. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन माघार घेत असताना आणि लाल सेना अजून पोचायची असताना काही दिवसांची फट पडली. त्या फटीत ओट्टो टीफ यांचं सरकार स्थापन झालं आणि पिक हेरमानवर पुन्हा निळा-काळा-पांढरा ध्वज चढवला गेला. २२ सप्टेंबरला लाल सेना टॅलिनमध्ये शिरली आणि बुरुजावर लाल बावटा लागला. त्या सरकारला जगाच्या पाठीवर कोणीही वाचवू शकणार नव्हतं, हे त्यातल्या माणसांना कळत नसेल असं नाही. तरी ध्वज चढवला. पुढे पन्नास वर्षं 'आम्ही कधी राजीखुशीने सामील झालो नाही' हे सांगताना या काही दिवसांचा आधार होता.

मग तो ध्वज गुन्हा ठरला. फडकवणं तर सोडाच, जवळ बाळगणंही धोक्याचं. मार्च १९४९ च्या एका हद्दपारीतच वीस हजारांवर माणसं सैबेरियाकडे पाठवली गेली. अशा काळात घरात सापडलेलं कापड हा पुरावा होता. ओतेपाच्या चर्चच्या दारावर १९३४ मध्ये, ध्वजाच्या पन्नाशीनिमित्त, त्या सोहळ्याची उठावशिल्पं बसवली होती. ती १९५० मध्ये फोडून टाकली.

१८८४ चा मूळ रेशमी ध्वज वाचला. विद्यार्थी संघ १९४० मध्ये बंद पाडला गेला होता. १९४३ मध्ये संघाच्या माणसांनी तो ध्वज एका शेतघरात नेऊन लपवला आणि तो तिथेच राहिला, पुढचं जवळजवळ अर्धं शतकभर. ज्यांना ठाऊक होतं ते बोलले नाहीत. १९४४ मध्ये ७० ते ८० हजार एस्टोनियन समुद्रमार्गे स्वीडनला आणि जर्मनीकडे पळाले. त्यांनी बाहेर हा ध्वज उघडपणे चालू ठेवला. अमेरिकेने हे सामिलीकरण कधीच मान्य केलं नाही, त्यामुळे न्यूयॉर्कमधलं एस्टोनियाचं महावाणिज्य दूतावास चालू राहिलं. एर्न्स्ट याकसोन यांनी दशकानुदशकं तिथे बसून, मागे प्रत्यक्षात राज्य नसताना, राज्याचं काम केलं.

देशात उरलेल्यांना रंग दुसरीकडे शोधावे लागले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाकोळी हा एस्टोनियाचा राष्ट्रीय पक्षी ठरला. पाठीवर निळी-काळी झळाळी, पोटाला पांढरी. राईच्या शेतात उगवणारं निळं कॉर्नफ्लॉवर राष्ट्रीय फूल झालं. ध्वजाची निळाई कोणती हे सांगताना एस्टोनियन माणूस याच फुलाकडे बोट दाखवतो. पक्ष्यावर आणि फुलावर बंदी घालता येत नव्हती.

एप्रिल १९८८: तीन वेगळी कापडं

या प्रकरणातला सर्वांत बारकाईने पाहण्यासारखा प्रसंग तार्तूतला आहे. २ फेब्रुवारी १९८८ रोजी तार्तू तहाच्या वाढदिवशी जमलेल्या लोकांवर पोलीस ढाली आणि कुत्रे घेऊन धावून गेले होते. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, एप्रिलच्या मध्यात, त्याच शहरात वारसा जतन करणाऱ्या संस्थेने आपले वारसा दिवस भरवले. ही संस्था डिसेंबर १९८७ मध्ये स्थापन झालेली. ट्रिव्हिमी वेल्लिस्टे तिचे प्रमुख. जुनी स्मारकं, थडगी, गावच्या लढवय्यांचे स्तंभ सांभाळणं हे तिचं जाहीर काम, आणि त्या आडून इतिहास परत मिळवणं हेही.

तिरंगी ध्वजावर बंदी होती. म्हणून मिरवणुकीत तीन वेगळे झेंडे आले. एक नुसता निळा, एक नुसता काळा, एक नुसता पांढरा. तीन माणसं, तीन काठ्या, शेजारी शेजारी. एकाही कापडावर कायद्याने बोट ठेवता येत नव्हतं. निळं कापड घेऊन चालणं हा कोणत्या कलमाखाली गुन्हा? आणि मधल्या काळ्या झेंड्यावर हात टाकायचा, तर हे तीन रंग जवळजवळ आले की ध्वज होतो हे पोलिसाला स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागलं असतं.

बंदी घालणाऱ्यांचं गणित इथे उलटलं. जवळपास पन्नास वर्षं त्यांनी लोकांना शिकवलं होतं की हे तीन रंग एकत्र दिसणं भयंकर आहे. त्या शिकवणीमुळेच रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांनी तीन कापडं आपोआप शिवून घेतली. ध्वज प्रत्यक्षात नव्हता आणि तरीही तो सगळ्यांना दिसत होता. त्याच दिवसांत शिवलेले खरे तिरंगी ध्वजही बाहेर आले.

पुढचं फार भरभर झालं. जूनमध्ये टॅलिनच्या गायन-मैदानावर रात्रीमागून रात्री हजारो माणसं गायला जमली आणि झेंडे उघड फडकू लागले. लोकांनी माळ्यावरून, पेट्यांतून जुने काढले, नसतील त्यांनी शिवले. २३ जून १९८८ रोजी सोव्हिएत एस्टोनियाच्याच सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या, अध्यक्षमंडळाने निळा, काळा आणि पांढरा हे राष्ट्रीय रंग म्हणून मान्य केले. रंग राष्ट्राचे, राज्याचे नव्हेत. ही तडजोड होती आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. राज्याचा ध्वज लालच राहिला. पण आता पोलिसाला अडवायला कारण उरलं नाही.

बुरुजावर चढवण्याचा निर्णय

१९८९ च्या फेब्रुवारीत सत्ताधाऱ्यांपुढे पेच होता. १६ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यांनी सार्वभौमत्वाची घोषणा केली होती, म्हणजे इथले कायदे मॉस्कोच्या कायद्यांच्या वर. जानेवारीत एस्टोनियन ही राज्यभाषा झाली. पक्षाचे प्रथम सचिव वाइनो व्हॅल्यास सुधारणावादी होते. दुसरीकडे त्यांच्याहून जहाल मंडळी सोव्हिएत चौकटच मानत नव्हती. त्याच २४ फेब्रुवारीला या गटांनी नागरिक समित्यांची हाक दिली: १९४० पूर्वीच्या प्रजासत्ताकाचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांची नोंदणी करायची आणि जुनं राज्य कायद्याने अजून जिवंत आहे हे दाखवायचं. स्वातंत्र्यदिन कोण साजरा करणार, रस्ता की सरकार, हा प्रश्न उभा होता. सरकारने बुरुज उघडला.

याला कोणी चलाखी म्हणेल. सत्ता टिकवण्यासाठी उचललेलं पाऊल त्यात होतंच. तरी मी त्या निर्णयाला कमी लेखणार नाही. ते लोक मॉस्कोला उत्तर देणारे होते, आणि परिणाम काय होतील हे त्या सकाळी कोणालाच सांगता आलं नसतं. लाल ध्वज इतर ठिकाणी अजून होता, कायद्यातही होता. पण बुरुजावर ज्याचं निशाण त्याचा देश, हा तिथला सहाशे वर्षांचा धडा. काठी एकच होती आणि ती आता कोणाची हे सर्वांना दिसत होतं. कायद्याच्या दृष्टीने अर्धवट असलेली ही कृती लोकांच्या दृष्टीने पूर्ण होती.

तिची खरी परीक्षा झाली १५ मे १९९० रोजी. ८ मे रोजी सर्वोच्च सोव्हिएतने 'एस्टोनिया प्रजासत्ताक' हे नाव परत आणलं होतं आणि सोव्हिएत चिन्हं राज्यचिन्हं म्हणून रद्द केली होती. त्याला विरोध करणारी, मुख्यतः रशियनभाषक कामगारांची इंटरमूव्हमेंट ही संघटना तोम्पेआवर चालून आली. जमाव दरवाजा फोडून किल्ल्याच्या अंगणात शिरला. लाल बावटा परत लावा, ही त्यांची मागणी. पंतप्रधान एडगर सावीसार यांनी रेडिओवरून हाक दिली की तोम्पेआवर हल्ला होतो आहे. टॅलिनमधून आणि आसपासून माणसं धावली आणि बघता बघता हजारो एस्टोनियनांनी बाहेरून किल्ल्याला वेढा घातला. आत अडकलेल्या जमावाची आता बाहेरच्यांशी गाठ होती.

तेव्हा बाहेरच्या गर्दीने मधोमध वाट करून दिली. इंटरमूव्हमेंटची माणसं त्या चिंचोळ्या वाटेने, दोन्ही बाजूंच्या नजरा झेलत, बाहेर पडली. कोणी मेलं नाही. बुरुजावरचा ध्वज हलला नाही. त्या दिवशी एक दगड भिरकावला गेला असता आणि रक्त सांडलं असतं, तर मॉस्कोला फौज उतरवायला निमित्त मिळालं असतं. आठ महिन्यांनी शेजारच्या विल्नियसमध्ये आणि रिगामध्ये माणसं मारली गेली, हे लक्षात घेतलं की त्या वाट करून देण्याची किंमत कळते.

७ ऑगस्ट १९९० रोजी निळा-काळा-पांढरा पुन्हा राज्याचा ध्वज ठरला. बुरुजावर चढल्यानंतर जवळजवळ दीड वर्षाने. स्वातंत्र्याची पुनःस्थापना झाली २० ऑगस्ट १९९१ रोजी.

त्यानंतर

ओतेपाच्या दारावरची शिल्पं १९८९ मध्ये पुन्हा बसली. मूळ रेशमी ध्वज स्वातंत्र्यानंतर लपवलेल्या जागेतून बाहेर निघाला आणि तार्तूच्या राष्ट्रीय संग्रहालयात सांभाळून ठेवला गेला. ध्वजाचं प्रमाण ७:११ आणि नेहमीचा आकार १०५ बाय १६५ सेंटिमीटर. पिक हेरमानवर फडकतो तो १९१ बाय ३०० चा. तो सूर्योदयाला चढतो, पण सकाळी सातच्या आधी नाही, आणि सूर्यास्ताला उतरतो, पण रात्री दहाच्या पुढे नाही. या नियमाला अपवाद २३ जूनच्या रात्रीचा. विजयदिन आणि संत योहानाचा सण यांच्या मधल्या त्या उजेडी रात्री ध्वज उतरवत नाहीत.

वाद एकच अधूनमधून वर येतो. २००१ मध्ये एका पत्रकाराने सुचवलं की तीन आडवे पट्टे सोडून याच रंगांचा नॉर्डिक क्रॉस घ्यावा, फिनलंड-स्वीडनसारखा, म्हणजे जग आपल्याला पूर्व युरोपात न मोजता उत्तरेच्या देशांत मोजेल. सूचना नवी नव्हती, १९१९ मध्येही क्रॉसचे आराखडे पुढे आले होते. रचना म्हणून ती वाईट नाही, आणि एस्टोनियाचं भाषेचं, समुद्राचं नातं उत्तरेशी आहे हेही खरं. पण क्रॉसचा ध्वज तार्तूच्या रस्त्यावर तीन काठ्यांवर वेगळा करून नेता आला नसता. सूचनेवर चर्चा झाली, लेख आले आणि कायद्यात काहीही बदललं नाही.